सदर जागेत कोणी वास्तव्यास आहे काय

दादाने पॅकिंगच्या टेबलावरच्या बश्या स्वतः उचलल्या, फडका मारला, आणि चार खुर्च्या ओढून ठेवल्या. मग पाचवीही आणली आणि टेबलाच्या टोकाला ठेवली. ती रंगकाकाची, म्हणजे दादाच्या पाठच्या भावाची. ती ठेवताना त्याचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला होता, पण ठेवली. वडिलांचा नियम मोडायची हिंमत त्याच्यात वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीही नव्हती.

नियम साधा होता. कारखान्याचा कुठलाही कागद याच टेबलावर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायचा. प्रत्येक कलमाला तिन्ही भावंडांनी तोंडाने ‘मान्य’ म्हणायचं आणि मगच सही. आजोबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी एकदा कोणाच्या तरी शब्दावर अंगठा उठवला आणि पहिली भट्टी हातची गेली. तेव्हापासून या घरात माणसांवर विश्वास ठेवत नाहीत, कान उघडे ठेवतात.

आजचा कागद विजेचा होता. कपबश्यांचा कारखाना विजेवर जगतो. दोन्ही भट्ट्या विजेच्या, एका भाजणीला दहा-अकरा तास लागतात. जुन्या कंपनीचं पत्र दोन आठवड्यांपूर्वी आलं होतं. करार संपतोय, पुढचा दर जवळजवळ दुप्पट, आणि आज संध्याकाळी पाचपर्यंत ‘आम्ही जातो’ असं कळवलं नाही तर पुढची दोन वर्षं त्याच दराने आपोआप बांधले जाल. दादाने पाच कंपन्यांचे दर मागवले. चार कंपन्या दारातही उभ्या करण्यासारख्या नव्हत्या. पाचवीचा दर ऐकून त्याने फोनवर दोनदा विचारलं होतं, “नक्की ना?” त्या रात्री त्याला बऱ्याच दिवसांनी झोप लागली. दुप्पट दराने कारखाना वर्षभरही तगणार नव्हता, हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

फक्त रंगकाकाने खाली येऊ नये, एवढीच त्याची इच्छा होती. सकाळी त्याने निरोपही धाडला, “कागद वरच आणून देतो, जिने उतरू नकोस.” उत्तर एका शब्दाचं आलं. “टेबलावर.”

तो आला. छोटीने दंडाला धरून आणला, अठरा पायऱ्यांत तीनदा थांबून. छोटी आता पंचावन्नची आहे, पण तिघा भावंडांत धाकटी ती धाकटीच. एका हातात तिने त्याचा चाकांवरचा छोटा ऑक्सिजनचा सिलिंडर धरला होता आणि नळी जिन्याच्या कठड्यात अडकू नये म्हणून ती सारखी मागे बघत होती. रंगकाका खुर्चीत टेकला. श्वास जागेवर यायला त्याला वेळ लागला, आणि तेवढा वेळ कोणीच त्याच्याकडे पाहिलं नाही. वीज कंपनीचा एजंट तर पेनाचं टोपण काढत-लावत बसला होता.

“चहा घेणार का कोणी?” दादा म्हणाला.

“आधी वाचू दे,” रंगकाका म्हणाला. “माझा वेळ मोजका असतो. हा सिलिंडर दोन तासांचा आहे.”

कोपऱ्यात वहिनी, दादाची बायको, खोक्यांच्या घड्या उलगडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. दिराशी त्या अकरा वर्षं बोललेल्या नव्हत्या, आणि एवढ्या वर्षांचा अबोला असा एका दुपारी मोडायला तो काही कच्चा कप नव्हता.

वाचायचं काम दादाच्या सुनेचं. घरात सगळ्यांत स्पष्ट वाचते ती, आणि नवी असल्यामुळे कुठल्याच बाजूची नाही, असा सगळ्यांचा समज. नवी म्हणजे सहा वर्षांची. तिने पहिलं कलम वाचलं, दुसरं वाचलं. पत्ता, मीटरचा क्रमांक, मागच्या बारा महिन्यांचा वापर. तिघे क्रमाने ‘मान्य’ म्हणत गेले. दादा ठामपणे, छोटी पुटपुटत, रंगकाका जेमतेम ओठ हलवून. त्याला एजंटसमोर श्वास खर्च करायचा नसावा.

नवव्या कलमाशी सून थोडी अडखळली.

“‘विजेची मागणी अतोनात वाढल्यास कंपनीस ग्राहकाचा पुरवठा, महिन्यातून जास्तीत जास्त तीन वेळा, प्रत्येकी चार तासांपर्यंत, पूर्वसूचनेशिवाय खंडित करण्याचा अधिकार राहील.’”

“दर कमी का पडतो ते आता कळलं,” छोटी म्हणाली.

“अगं, त्यात आपलं काय जातंय?” दादा पुढे सरकला. हे त्याने आरशासमोर पाठ केल्यासारखं तयार ठेवलं होतं. “भट्ट्या आपण रात्री लावतो. मागणी वाढते दिवसा, दुपारी. दुपारी वीज गेली तर चाकं थांबतील, माणसं चार तास गप्पा मारतील. तशीही मारतातच.”

एजंट हसला. तो एकटाच.

“घरांनासुद्धा असंच न सांगता तोडतात?” रंगकाकाने विचारलं.

“नाही नाही. घर असेल तर आधी फोन करतात. आणि घरात कोणी आजारी असेल, मशीनवर वगैरे, तर तोडतच नाहीत,” एजंट उत्साहाने म्हणाला. “हे फक्त धंद्याला. म्हणून तर एवढं स्वस्त.”

बिचाऱ्याला काय माहीत? त्याने रंगकाकाच्या नाकातल्या नळीकडे पाहिलं होतं, पण तो कुठून उतरून आला हे त्याला दिसलं नव्हतं. जिना मागच्या बाजूला आहे, आणि रंगकाकाचं विजेवरचं ऑक्सिजनचं मशीन वरच्या खोलीत.

“पुढे वाच,” रंगकाका सुनेला म्हणाला. “नवव्याचं मागून सांगतो.”

दादाने सुनेकडे पाहिलं. ती नजर तिने ओळखली. आज सकाळी चहा देताना तो तिला म्हणाला होता, “चौदावं कलम जरा भरभर वाच. नुसती एक ओळ आहे.” सासरा कधी तिच्याशी हळू आवाजात बोलत नसे.

दहा, अकरा, बारा, तेरा. मग ती थांबली. भरभर वाचायचं तिने खरंच ठरवलं होतं, पण जीभ वळेना. ती ओळ तिने नेहमीपेक्षा हळू वाचली.

“‘सदर जागेत कोणी वास्तव्यास आहे काय? असल्यास, ती व्यक्ती विजेवर चालणाऱ्या वैद्यकीय उपकरणावर अवलंबून आहे काय?’”

“नाही,” दादा म्हणाला.

त्याने ते इतक्या चटकन म्हटलं की पेन धरलेल्या एजंटलाही दचकायला झालं.

“दादा,” छोटी म्हणाली.

“काय दादा? बाबांनीही शेवटच्या वेळी हेच लिहिलं होतं. त्याच्या आधीही. कारखान्यात कोणी राहत नाही. वरची खोली रंगांची होती, रंगांचीच आहे.”

“बाबांनी लिहिलं तेव्हा मी तिथे रंग घोटत होतो,” रंगकाका म्हणाला. “आता झोपतो. फरक आहे की नाही?”

एजंट कागद आणि माणसं यांच्यात नजर फिरवत राहिला. शेवटी त्याने विचारलंच. “म्हणजे… राहतं कोणी?”

“‘हो’ लिहिलं तर काय होईल?” छोटीने विचारलं.

“मग हा दर नाही मिळणार. राहत्या भागाला वेगळा मीटर, तपासणी. दोन महिने तरी.” त्याने घड्याळाकडे पाहिलं. “म्हणजे आज नाही जमणार.”

आज नाही म्हणजे कधीच नाही. दोन वर्षं दुप्पट दर. हे त्याने सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती.

छोटीने मांडीवरच्या पदराचा बोळा केला. दादा आज सकाळीच तिच्या घरी येऊन गेला होता. बसला, पाणी प्यायला, आणि उठताना म्हणाला, “पोराचं काम चांगलं चाललंय हं. पुढच्या महिन्यापासून दोन्ही भट्ट्या त्याच्याकडे देतोय.” तिचा मुलगा. दोन ठिकाणांहून हाकलून दिलेला, तिसऱ्या ठिकाणी मामाच्या भट्टीपाशी एकदाचा माणसात आलेला. दादा धमकी देत नाही. तो नुसतं सांगून जातो. त्याच्यासारखा भला माणूस दुसरा नाही, असं सगळे म्हणतात, आणि छोटीला ते पटतंही. म्हणूनच तिला त्याची भीती वाटते.

“मला खोली नको आहे,” रंगकाका म्हणाला. तो दादाकडे बघत होता. “तुला वाटतंय, कागदावर ‘हो’ आलं की उद्या मी वाटा मागेन. मागणार नाही. मागून वापरू केव्हा? मला एवढंच हवंय की दुपारी वीज जाणार असेल तर कोणीतरी आधी फोन करावा.”

“सिलिंडर आहेत ना वर?”

“आहेत. एक दोन तास चालतो. वीज चार तास जाणार. दुसरा लावायला पान्याने नट सोडवावा लागतो, वरचं तोंड काढून दुसऱ्यावर बसवावं लागतं. हे बघ.” त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. ते थरथरत होते. याच हातांनी तो एकेकाळी कपाच्या काठावर केसाएवढी निळी रेघ एका दमात ओढायचा, आणि गिऱ्हाइकं ती रेघ बघायला कारखान्यात यायची. “माझ्याच्याने होत नाही.”

“मग कोणीतरी येईलच की वर. एवढी माणसं आहेत खाली.”

“कोणीतरी म्हणजे कोण?”

“अरे, कोणीही.”

“दादा, कोणीही म्हणजे कोणीही नाही. मी दिवसभर पडून हेच बघतो. जिन्यावर पाऊल वाजत नाही. सकाळी छोटी डबा ठेवून जाते, मग दुसऱ्या दिवशी छोटीच. माणूस सांग. तू सांग कोण येईल, मी आत्ता ‘नाही’ म्हणतो. सही करतो. फक्त माणूस सांग.”

एवढं बोलल्यावर त्याला खोकला आला. तो बराच वेळ खोकला. एजंटने पाण्याचा पेला पुढे सरकवला, घरातल्या कोणी नाही. वहिनींनी एक खोकं उलटं घडी घातलं, पुन्हा उलगडलं, आणि खोक्यालाच सांगावं तसं म्हणाल्या, “एकदाचा सुंठीवाचून खोकला जाईल.”

म्हण जुनीच आहे, रोज कोणीतरी वापरतं. पण वहिनींचा चेहरा लगेच पांढराफटक पडला. तसं त्यांना म्हणायचं नसावं. किंवा अकरा वर्षं म्हणायचं असावं आणि आज निसटलं असावं. त्या बाई दुष्ट नाहीत. त्यांनी सासऱ्याची शेवटचे चार महिने सेवा केली, आणि ते चार महिने कारखान्याला सरकारी कुलूप होतं. कुलूप लागलं ते दिराने तक्रार केली म्हणून. कपांचं घासकाम करणारे दोन जण धुळीने अंथरुणाला खिळले होते. धूळ ओढून घेणारं यंत्र घ्या, असं रंगकाका वर्षभर सांगत होता, आणि दादाने त्या पैशांत दुसरी भट्टी घेतली होती. मग रंगकाका निरीक्षकाकडे गेला. वडील बंद कारखान्याकडे बघत गेले. वहिनींच्या हिशेबी त्यांना मारणारा ठरलेला होता. ती धूळ तोवर रंगकाकाच्याही छातीत बसली आहे, हे पुढे तीन वर्षांनी कळलं.

“वहिनी बोलल्या,” रंगकाका म्हणाला. तो हसला होता, खरंच. “माझ्याशी नाही, माझ्याबद्दल तरी बोलल्या.”

“बास,” दादा म्हणाला. “वीस माणसांची पोटं आहेत या कागदावर. तुझंही आहे. कारखाना गेला तर ती खोली, तो डबा, ते मशीन, काय राहणार? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी माझी गत झालीय. तू मला माणूस सांग म्हणतोस. मी काय जिन्याखाली पहारा देत बसू? माझे गुडघे बघ. दिवसभर मी गिऱ्हाइकांकडे असतो.”

“म्हणजे तू नाही.”

“मी असं म्हटलं का?”

“मग तू?”

दादाला ‘हो’ म्हणायचं होतं, हे इथे सांगायला हवं, कारण पुढे तो ते कोणालाच सांगणार नाही. पण ‘हो, मी येईन’ म्हणजे अठरा पायऱ्या चढून त्या खोलीत जाणं. त्या माणसाच्या समोर बसणं, पान्याने नट सोडवत असताना त्याची छाती वरखाली होताना बघणं, आणि ती धूळ कोणाच्या भट्टीची हे दोघांनाही माहीत असणं. महिन्यातून तीनदा. ते त्याला झेपणारं नव्हतं. वीस माणसांचे पगार झेपत होते, हे नाही.

“मी येईन,” सून म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. कागदावर बोट ठेवून ती तशीच उभी होती, जणू हेही कलमच वाचलं.

“मला शिकवा नट कसा काढायचा ते. मी ऑर्डरी घेते खालीच, फोन बरोबर घेऊन वर येईन.”

“तू गप्प बस,” वहिनी म्हणाल्या. “तुला कोणी विचारलंय का?”

सुनेने सासूकडे पाहिलं नाही. तिचे कान तापले होते, पण ती हलली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिला या घराचा मनापासून राग आला होता, आणि तो राग तिला बरा वाटत होता.

“नको, बाळ,” रंगकाका म्हणाला. “तू येशील, मला माहीत आहे. पण तुला या घरात अजून चाळीस वर्षं काढायची आहेत. माझ्यापायी तुझाही जिना वेगळा नको. मी या दोघांना विचारतोय.”

मग तो छोटीकडे वळला. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन तोच कारखान्यात फिरायचा, याची त्याने आठवण करून दिली असती तर तिला रडता आलं असतं, भांडता आलं असतं. त्याने ते केलं नाही.

छोटीचं घर दोन बस पलीकडे होतं. दुपारी वीज गेली तर तिला कोण कळवणार? कळलं तरी यायला तास लागणार. ही कारणं खरी होती. ती तिने मनात एकामागे एक मांडली, नीट, भाजणीआधी कप मांडतात तशी. दुसरा उपायही तिला दिसत होता. ‘हो’ म्हणायचं, मग दर दुप्पट, मग भट्ट्या एकाआड एक दिवस, मग आधी कोणाला काढतील? नव्याला. तिच्या पोराला.

“छोटी?” दादा म्हणाला.

“मान्य,” ती म्हणाली.

“काय मान्य ते सांग. एजंटसाहेबांना लिहायचंय.”

यावर रंगकाकाने डोळे मिटले. दादाला आपण काय केलं ते कळलं की नाही कोण जाणे, पण शब्द तोंडातून निघून गेले होते, आणि नियमाप्रमाणे उत्तर तोंडानेच द्यायला हवं होतं.

“कोणी राहत नाही,” छोटी म्हणाली. पदराचा बोळा तिने तोंडाशी नेला. “नाही लिहा.”

आता उरला रंगकाका. तिघांपैकी एकाने ‘मान्य’ म्हटलं नाही तर कागद होत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. एजंटलाही एव्हाना अंदाज आला होता. तो उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला, बाहेर लाकडी फळ्यांवर वाळत घातलेले कच्चे कप मोजत असल्यासारखा. रंगकाकाने ठरवलं असतं तर त्या क्षणी त्याने कारखाना बुडवला असता. अकरा वर्षांपूर्वी त्याने तो एकदा थांबवला होताच, दोन माणसांच्या छातीसाठी. आज स्वतःच्या एका छातीसाठी थांबवणं त्याला जमेना. किंवा लाज वाटली. या माणसाला स्वतःसाठी काही मागायची सवयच नव्हती, आणि आजही त्याने मागितलं ते फक्त जिन्यावरचं एक पाऊल.

“नऊ मान्य,” तो म्हणाला. “चौदा मान्य.”

एजंट परत येऊन बसला, भराभर लिहायला लागला. सुनेने वाचायला सुरुवात करायला हवी होती, पण तिच्याकडून होईना. एजंटनेच कागद ओढून घेतला.

“शेवटचं एकच राहिलंय. साधं आहे. तातडीच्या वेळी कंपनीने फोन कोणाला करायचा? म्हणजे मीटरला आग लागली, भट्टीत बिघाड झाला, असं काही. जो लगेच येऊ शकेल असा माणूस.”

“मी,” दादा म्हणाला.

नंबर त्याने घडाघडा सांगितला. मग त्याचा आवाज मोकळा झाला. दुपारपासून पहिल्यांदाच त्याला पायाखाली जमीन लागली होती. “रात्री-अपरात्री कधीही करा. विचार करत बसू नका, करा. भट्टीचं काही असलं ना, की मी जेवणाचं ताट सोडून येतो. दोन मिनिटांत. तीस वर्षांत एकदा चुकलो नाही, कोणालाही विचारा.”

वहिनींच्या हातातलं खोकं तसंच राहिलं. सुनेने मान फिरवली. दादाला स्वतःचेच शब्द ऐकू यायला क्षणभर उशीर झाला, आणि मग त्याचा हात टेबलावर नुसताच फडका शोधत राहिला.

“लिहा,” रंगकाका एजंटला म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. “बिनघोर लिहा. येतो तो. मी वरून पाहिलंय, अनवाणी पळत येतो.”

त्याने पेन मागितलं. हात थरथरू नये म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, आणि सही केली. मग छोटीने केली. मग दादाने. एजंटने कागद पिशवीत घातले, सगळ्यांना नमस्कार केला आणि तो निघाला.

तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती. जुन्या कंपनीला कळवायची पाचची वेळ यायला अजून तास-सव्वा तास शिल्लक होता. तेवढ्या वेळात कोणालाही काहीही बोलता आलं असतं.